सर फ्रान्सिस गाल्टन

सर फ्रान्सिस गाल्टन ह्यांचा जन्म इंग्लंडांत बर्मिंगहॅमजवळ १८२२ सालीं झाला. चार्लस डार्विन हे त्यांच्या सावत्र मामांचे पुत्र. मोजमाप करण्याची गाल्टन ह्यांस विलक्षण आवड होती. उंच आईबापांचीं मुलें तितकींच उंच होतात काय, हें पाहण्यासाठीं त्यांनीं २०५ कुटुंबांतील ९२८ प्रौढ मुलांचीं मापें ताडून पाहिलीं. आईबाप सरासरीहून तीन इंच उंच असले, तर मुलें साधारणतः दोनच इंच उंच भरत. सरासरीकडे अशा ह्या परतण्यास त्यांनीं ‘रिग्रेशन’ म्हटलें व १८८६ सालीं तो शोध प्रसिद्ध केला. कार्ल पिअर्सन व उडनी यूल ह्यांनीं ती रीत वाढविली. आज व्यापारी तिच्याच आधारें भावावरून खपाचा अंदाज बांधतो आणि माल किती भरावा हें ठरवितो.

परंतु उत्तम कुळांचीच वाढ व्हावी, असेंही मत गाल्टन ह्यांनीं प्रतिपादिलें. त्या मताच्या नांवाखालीं पुढें अनेक देशांत दुर्बळांवर घोर अन्याय झाले. १९११ सालीं गाल्टन निवर्तले. मुलांनो, रेषा समुदायाची सरासरी सांगते. तिच्या वरखालीं पडलेला प्रत्येक बिंदु मात्र देवाचें एक लेंकरूं असतें. हिशेब करणारानें हें विसरूं नये.