हृदयालेखाचे जनक आइन्टहोवेन

ज्या हृदयालेखावरून डॉक्टर रोग्याचे हृदय पारखतात, त्याच्या जनकाचे आम्ही येथे स्मरण करीत आहोत. विलेम आइन्टहोवेन १८६० साली जावा बेटात जन्मले. बालपणीच ते पित्यास अंतरले; पुढे हॉलंडमधील लायडन येथे प्राध्यापक झाले. त्या काळच्या यंत्रातील पारा मंदगती असल्याने हृदयाची रेघ सदोष उमटे. १८९५ साली त्यांनी ती रेघ मोजून गणिताने खरी रेघ काढली. पुढे स्वतः रचलेल्या तारेच्या यंत्राने ते गणित खरे ठरविले. १९२४ साली त्यांस नोबेल पारितोषिक लाभले. १९२७ साली ते निवर्तले. जुने कागदी हृदयालेख आज संगणक अंकांत उतरवितो, तेव्हा हाताने रेघ मोजणाऱ्या त्या गुरुजनांपुढे आम्ही नतमस्तक होतो.