पाच पिढ्यांची सूज

सर विल्यम ऑस्लर यांचं नाव डॉक्टर मंडळी घेतात ती खाटेपाशी उभं राहून शिकवणारा गुरू म्हणून. मला मात्र ते आठवतात १८८८ सालच्या एका छोट्या निबंधामुळे.

ऑस्लर तेव्हा फिलाडेल्फियात प्राध्यापक होते. त्यांच्यापुढे एक घराणं आलं. घरातल्यांचे हातपाय, चेहरा अचानक सुजायचा नि सूज आपोआप ओसरायची. पोटात जीवघेण्या कळा यायच्या. सूज घशात उतरली की माणूस गुदमरून जायचा. अशा सुजेचं वर्णन जर्मनीत क्विंके यांनी १८८२ मध्ये केलं होतं. ऑस्लरनी घराण्याच्या पाच पिढ्या धुंडाळल्या आणि हे दुखणं रक्ताच्या नात्यानं उतरतं, हे तपशिलानं मांडलं. मेंडेलचे नियम तेव्हा विस्मृतीत पडले होते. ते उजेडात आले १९०० साली!

बँकेत मयत खातेदारांच्या वारसांचे दावे तपासताना मी पुष्कळ वंशावळी पाहिल्या. पणजोबांचं नाव सांगतानाही लोक अडखळतात. इथे तर पाच पिढ्यांची दुखणी गोळा करायची होती. हाताशी प्रयोगशाळा नव्हती. होती ती फक्त विचारपूस.

तशी चिकाटी त्यांच्यात पहिल्यापासून असावी. कॅनडातल्या बाँड हेड या खेड्यात १८४९ साली जन्मलेला हा धर्मोपदेशकाचा मुलगा स्वतःही धर्मोपदेशकच व्हायचा. पण तो वैद्यकीकडे वळला आणि १८७२ मध्ये माँट्रियलच्या मॅगिल विद्यापीठाचा डॉक्टर झाला. पुढे १८८९ पासून बाल्टिमोरचं जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय, १८९२ चा गाजलेला पाठ्यग्रंथ, १९०५ मध्ये ऑक्सफर्ड, १९११ मध्ये सरदारकी. मानमरातबाची ही यादी कुठेही वाचायला मिळेल. कादंबरीकाराला थबकवते ती वेगळीच गोष्ट. दुसऱ्याच्या घराण्याच्या पाच पिढ्या लिहून ठेवणाऱ्या या माणसाचं पहिलं मूल तान्हेपणीच गेलं आणि दुसरा मुलगा रिव्हिअर १९१७ च्या ऑगस्टमध्ये बेल्जियमच्या रणभूमीवर जखमी होऊन दगावला. वंश तिथेच खुंटला. ऑस्लर त्यानंतर जेमतेम सव्वादोन वर्षं जगले. डिसेंबर १९१९ मध्ये छातीच्या दुखण्यानं ते गेले.

निबंधात एक उणीव होती. रोगाला नाव होतं अँजिओ-न्यूरॉटिक इडिमा, कारण दोष नसांचा, असा त्या काळचा समज होता. ऑस्लरही त्याला अपवाद नव्हते. पोट धरून तळमळणाऱ्या माणसाच्या कपाळी ‘न्यूरॉटिक’ हा शब्द बसला की त्याच्या कळा कोण खऱ्या मानणार?

खरं कारण सापडलं १९६३ मध्ये. डोनाल्डसन आणि इव्हान्स यांनी दाखवलं की या रुग्णांच्या रक्तात सी-१ इनहिबिटर नावाचं एक प्रथिन कमी पडतं. प्रतिकारयंत्रणेला लगाम घालणारं हे प्रथिन. लगाम सुटला की ब्रॅडिकायनिन वाढतं, रक्तवाहिन्या पाझरतात आणि सूज येते. आईबापांपैकी एकात दोष असला तर प्रत्येक अपत्यात तो उतरण्याची शक्यता निम्मी.

दिसायला ही सूज थेट अ‍ॅलर्जीसारखी, पण गांधी उठत नाहीत आणि अ‍ॅलर्जीची नेहमीची औषधंही तिच्यावर चालत नाहीत. तिच्यासाठी आता वेगळी औषधं आहेत. ती वेळेवर मिळायची तर सुजलेल्या चेहऱ्याच्या माणसाला आजही आधी विचारावं लागतं, घरात आणखी कुणाला असं होतं का?