डॉक्टरांनी विरोध केला, तरी गरम शेकाच्या जोरावर या नर्सने पोलिओचे उपचार बदलून टाकले

पॅरा स्विमिंग म्हटलं की आपल्याला पहिलं नाव आठवतं ते मुरलीकांत पेटकर यांचं. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झालेल्या सांगली जिल्ह्यातल्या या जवानाने १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्णपदक जिंकलं होतं.

अशी शर्यत मिनिटाच्या आत संपते. पण दिव्यांग जलतरणपटूची तयारी पाण्यात उतरण्याच्या बरीच आधी सुरू होते. सेरेब्रल पाल्सीसारख्या आजारात स्नायू आखडलेले असतात आणि गार पाण्यात ते आणखी आखडू शकतात. म्हणून आधी अंग गरम करायचं. कुणाला शेक, कुणाला कोमट पाणी, सोबत उबदार कपडे आणि हलका व्यायाम. आखडलेला स्नायू आधी सैल करायचा, मगच त्याच्याकडून काम घ्यायचं.

आज यात काही विशेष वाटत नाही. पण १०० वर्षांपूर्वी पोलिओने दुबळा झालेला स्नायू हलवणं म्हणजेच मोठी चूक समजली जायची. ही समजूत मोडण्यात मोठा वाटा होता एका ऑस्ट्रेलियन बाईचा. तिच्याकडे नर्सिंगचं रीतसर सर्टिफिकेटसुद्धा नव्हतं.

तिचं नाव एलिझाबेथ केनी.

२० सप्टेंबर १८८० ला न्यू साउथ वेल्समधल्या वारियाल्डा गावात एलिझाबेथचा जन्म झाला. घर शेतकऱ्याचं, शिक्षण जेमतेम. लहान वयात घोड्यावरून पडून तिचं मनगट मोडलं आणि उपचारासाठी तिला टूवुंबाच्या डॉ. एनियस मॅकडॉनेल यांच्याकडे नेलं. हात बरा होईपर्यंत तिला डॉक्टरांच्या शरीरशास्त्राच्या पुस्तकांची गोडी लागली. कुठला स्नायू कुठलं हाड हलवतो, हे ती त्यातून शिकली. पुढे क्वीन्सलंडमधल्या नॉबी गावाच्या आसपास ती घोड्यावरून फिरून लोकांची शुश्रूषा करू लागली.

केनी यांनी आत्मचरित्रात सांगितल्याप्रमाणे, १९११ मध्ये त्यांच्यासमोर वेदनांनी तळमळणारी एक मुलगी आली. हातपाय वाकडे होऊन आखडलेले. त्यांनी मॅकडॉनेल यांना तार केली. उत्तर आलं की हा पोलिओ आहे, यावर औषध नाही, जी लक्षणं दिसतील त्यांच्यावर जमेल तो इलाज करा.

केनी यांनी आधी गरम मिठाचा शेक दिला, उपयोग झाला नाही. मग जवसाचं गरम पोटीस लावलं, तेही चाललं नाही. शेवटी लोकरीचं ब्लँकेट फाडून पट्ट्या केल्या, उकळत्या पाण्यात बुडवल्या, घट्ट पिळल्या आणि दुखऱ्या स्नायूंवर गुंडाळल्या. मुलीच्या वेदना कमी झाल्या. स्नायू सैल पडल्यावर केनी यांनी तिचे हातपाय हळूहळू हलवायला सुरुवात केली.

त्या काळच्या डॉक्टरांची पद्धत याच्या नेमकी उलट होती. पोलिओ झालेल्या मुलाचे हातपाय प्लास्टरमध्ये किंवा फळ्यांना बांधून अनेक आठवडे, कधी कधी महिनोन् महिने सरळ ठेवले जायचे. हेतू चांगला होता, अवयव वाकडे होऊ नयेत हा. पण न हलणारा स्नायू आणखी वाळायचा आणि सांधे धरायचे.

पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि केनी यांनी जखमी सैनिकांना मायदेशी आणणाऱ्या जहाजांवर नर्स म्हणून काम केलं. तिथेच त्यांना सिस्टर हा हुद्दा मिळाला आणि तो कायमचा नावाला चिकटला. युद्धानंतर त्यांनी रुग्णाला धक्के न बसता नेता येईल असं स्ट्रेचर बनवलं आणि १९२७ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. त्यातून मिळणाऱ्या पैशाचा पुढच्या कामाला आधार झाला.

१९३२ मध्ये टाउन्सव्हिल इथे एका घराच्या मागच्या अंगणात त्यांनी उपचार सुरू केले. पोलिओसोबत सेरेब्रल पाल्सीची मुलंही तिथे यायची. गरम पाण्याची अंघोळ, गरम शेक, मग हालचाल. पायातले कॅलिपर त्या सरळ काढून ठेवायला सांगायच्या.

इथून खरा वाद पेटला.

क्वीन्सलंड सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १९३८ मध्ये त्याचा अहवाल केनी यांच्या विरोधात गेला. हातपाय बांधून न ठेवणं धोक्याचं आहे, असं त्या डॉक्टरांचं मत होतं. केनी यांचा स्वभावही तापट, माघार घेणं माहीत नाही. तरीही ब्रिस्बेनच्या हॉस्पिटलमध्ये त्यांना एक वॉर्ड मिळाला आणि १९४० मध्ये त्या अमेरिकेला निघाल्या.

मिनियापोलिसच्या डॉक्टरांनी त्यांना संधी दिली. तिथल्या मुलांमध्ये दिसलेला फरक बघून इतर हॉस्पिटलंही ही पद्धत वापरू लागली. १९४२ मध्ये मिनियापोलिसमध्ये त्यांच्या नावाची संस्था उभी राहिली. १९४६ मध्ये त्यांच्यावर हॉलिवूडचा सिनेमा आला, त्यात रोझलिंड रसेल केनी झाली होती.

मग डॉक्टर पूर्ण चुकीचे होते आणि केनी पूर्ण बरोबर? तसंही नाही.

पोलिओचा विषाणू मज्जारज्जूतल्या, स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशी मारतो. मेलेली पेशी शेकाने जिवंत होत नाही. केनी मात्र मूळ दोष आखडलेल्या स्नायूतच आहे असं मानत राहिल्या. त्यांनी सांगितलेलं कारण चुकीचं ठरलं. पण शेकाने वेदना कमी होतात, स्नायू सैल होतो आणि वाचलेल्या स्नायूकडून लवकर काम घेतलं तर तो टिकतो, हे त्यांचं निरीक्षण खरं निघालं. आजच्या फिजिओथेरपीच्या जडणघडणीत त्यांच्या पद्धतीचा मोठा हात आहे.

३० नोव्हेंबर १९५२ ला टूवुंबामध्ये केनी यांचं निधन झालं आणि नॉबीमध्ये त्यांचा दफनविधी झाला. पोलिओची पहिली लस १९५५ मध्ये आली, ती पाहायला त्या नव्हत्या. १९६० मध्ये रोमला पहिलं पॅरालिम्पिक झालं आणि त्यात पोहण्याच्या शर्यती होत्या, हेही त्यांनी पाहिलं नाही. त्यांची संस्था मात्र आजही चालू आहे आणि तिथे दिव्यांगांसाठी खेळांचे उपक्रमही होतात.

आता परत स्विमिंग पूलकडे येऊ. स्पर्धेच्या पूलचं पाणी साधारण २५ ते २८ अंश सेल्सिअस असतं, उपचाराच्या पूलचं त्याहून बरंच कोमट. वॉर्मअप करून शर्यतीची वाट बघत बसलं की अंग पुन्हा गार पडतं. त्यामुळे शर्यतीपर्यंत ऊब टिकवणं हे दिव्यांग खेळाडूसाठी जास्तच महत्त्वाचं ठरतं.

पण शेक सगळ्यांना सारखा चालत नाही. मणक्याला इजा झालेल्या खेळाडूला कमरेखाली संवेदना नसेल, तर गरम पिशवीने कातडी भाजली तरी कळत नाही. मल्टिपल स्क्लेरोसिस असलेल्यांना उष्णतेने उलट जास्त थकवा येऊ शकतो. म्हणून शेक कुठे, किती आणि किती वेळ द्यायचा, हे फिजिओथेरपिस्टनेच ठरवायचं असतं.

केनी यांनीही तेच केलं होतं. मीठ चाललं नाही, जवस चाललं नाही, तेव्हा समोरच्या मुलीकडे बघून त्यांनी तिसरा उपाय शोधला.