ओस्तिया बंदरीं संत मोनिका

सन ३८७ च्या पास्खास मिलानांत आगुस्तीन ह्यांस संत अंब्रोज ह्यांच्या हस्तें स्नानसंस्कार मिळाला. माता मोनिकेच्या अश्रूंचें चीज झालें. मग मायलेंकरें आफ्रिकेंतील घरीं जाण्यासाठीं ओस्तिया बंदरीं गलबताची वाट पाहत राहिलीं. पतीशेजारीं आपल्या थडग्याची जागा तिनें आधींच योजून ठेविली होती. घरची ओढ ती बहुधा हीच, असें आम्हांस वाटतें.

तेथें तिला ताप भरला. तिनें परदेशीं मरूं नये म्हणून पुत्र नाविगियस कळवळला. परंतु देह कोठेंही ठेवावा, वेदीपाशीं मात्र आपलें स्मरण व्हावें, इतकेंच त्या साध्वीनें मागितलें. नवव्या दिवशीं, वयाच्या ५६ व्या वर्षीं, ती ओस्तियांतच निवर्तली. ३८८ सालीं आगुस्तीन तिच्यावांचून आफ्रिकेस परतले.