एकोणिसाव्या वर्षीचे आकाश

एकोणीस वर्षे, सात महिने आणि वीस दिवस. इंद्रलाल रॉय या भारतीय वैमानिकाला एवढेच आयुष्य लाभले. आपल्या महाविद्यालयात द्वितीय वर्षाच्या बाकावर बसणाऱ्या मुलाचे जे वय असते, त्या वयात त्याने पहिल्या महायुद्धात शत्रूच्या दहा विमानांवर मात केली आणि फ्रान्सच्या भूमीवर देह ठेवला.

इंद्रलालचा जन्म २ डिसेंबर १८९८ रोजी कलकत्त्यात झाला. वडील प्यारीलाल रॉय नामांकित बॅरिस्टर होते. आई ललिता रॉय यांनी १९११ साली लंडनमध्ये स्त्रियांच्या मताधिकारासाठी निघालेल्या प्रचंड मिरवणुकीत भारतीय स्त्रियांसह भाग घेतला होता. थोरला भाऊ परेशलाल पुढे भारतातील मुष्टियुद्धाचा प्रवर्तक म्हणून गाजला. अशा घरातला हा मुलगा लंडनच्या सेंट पॉल्स शाळेत शिकला. घरी त्याला लाडाने 'लॅडी' म्हणत.

१९१४ मध्ये युद्ध पेटले. शाळा संपताच रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये जाण्याचा त्याने ध्यास घेतला. पण दृष्टी कमी म्हणून त्याला नाकारण्यात आले. तेव्हा त्याने आपली मोटारसायकल विकली आणि त्या पैशांतून एका नामवंत नेत्रतज्ज्ञाकडून डोळे पुन्हा तपासून घेतले, असे सांगतात. अखेर जुलै १९१७ मध्ये त्याला अधिकारपद मिळाले. त्या काळी भूदलात भारतीयांना राजाच्या सनदेचे अधिकारपद जवळजवळ बंदच होते, हे लक्षात घेतले म्हणजे या यशाचे मोल कळते.

ऑक्टोबरमध्ये तो ५६ व्या स्क्वाड्रनमध्ये दाखल झाला. ६ डिसेंबर १९१७ रोजी त्याचे विमान कोसळले. तो वाचला, पण उड्डाणास अपात्र ठरवला गेला. आजारपणाच्या त्या दिवसांत तो कागदावर विमानांची चित्रे काढीत राहिला. आकाश बंद झाले तरी मन जमिनीवर उतरायला तयार नव्हते! वरिष्ठांच्या मागे लागून त्याने पुन्हा परवानगी मिळवली आणि जून १९१८ मध्ये ४० व्या स्क्वाड्रनमधून तो फ्रान्सच्या आघाडीवर परतला. तेथे जॉर्ज मॅकेलरॉय हा अनुभवी आयरिश वैमानिक त्याचा प्रमुख होता.

मग आला जुलै. ६ तारखेला त्याने पहिले विमान पाडले. ८ तारखेला एकाच दिवशी तीन, १३ ला दोन, १५ ला दोन, १८ ला एक आणि १९ ला एक. अवघ्या चौदा दिवसांत दहा विजय त्याच्या नावावर जमा झाले. त्यांतील दोन सहकाऱ्यांसमवेत मिळवलेले होते. पाच किंवा अधिक विमाने पाडणाऱ्याला 'एस' म्हणतात. त्या महायुद्धात हा मान मिळवणारा तो एकमेव भारतीय होय. त्यानंतर तिसऱ्याच दिवशी, २२ जुलै १९१८ रोजी, कार्व्हँ गावाच्या आकाशात जर्मन फोकर विमानांशी झुंजताना त्याचे विमान पेट घेऊन कोसळले. त्याच महिन्याच्या ३१ तारखेला मॅकेलरॉयही गेला. सप्टेंबरमध्ये इंद्रलालला मरणोत्तर डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस जाहीर झाला. हे पदक मिळवणारा तो पहिला भारतीय. एस्तव्हेल या फ्रेंच खेड्यात त्याची समाधी आहे.

त्याच्या बरोबरीने आपल्या मुंबईच्या श्रीकृष्ण वेलिंकर याचेही स्मरण करायला हवे. केंब्रिजला शिकलेला हा तरुणही वैमानिक झाला आणि जखमी होऊन ३० जून १९१८ रोजी फ्रान्समध्येच निधन पावला.

येथे एक प्रश्न मनाला टोचतो. हे तरुण कोणासाठी मेले? साम्राज्य परक्यांचे, युद्ध परक्यांचे, पदकही परक्यांचे! इंद्रलाल आघाडीवर परतला त्याच जून महिन्यात मुंबईच्या युद्धपरिषदेत लोकमान्य टिळकांनी सहकार्याबरोबर स्वराज्याचा विषय काढताच गव्हर्नरांनी त्यांना अडवले आणि लोकमान्य सभात्याग करून बाहेर पडले. पुढच्याच वर्षी, एप्रिल १९१९ मध्ये, जालियनवाला बागेत गोळ्या झाडल्या गेल्या. ज्या सत्तेसाठी हजारो भारतीयांनी रक्त सांडले, तिने दिलेली ही परतफेड होती.

म्हणून इंद्रलालचे बलिदान व्यर्थ म्हणायचे काय? मला तसे वाटत नाही. भारतीय माणूस नेतृत्व करू शकत नाही, यंत्र चालवू शकत नाही, असे त्या काळचे राज्यकर्ते समजत. त्या समजुतीला या मुलाने आकाशात उत्तर दिले. भारतीय हवाई दलाची स्थापना १९३२ साली झाली, तेव्हा तो जाऊन चौदा वर्षे उलटली होती. ज्या दलात त्याने अभिमानाने मिरवावे, ते त्याने पाहिलेच नाही.

कलकत्त्याच्या भवानीपूर भागातील एका रस्त्याला त्याचे नाव आहे. १९९८ साली, जन्मशताब्दीच्या वर्षी, भारतीय टपाल खात्याने त्याच्यावर तिकीट काढले. पण रस्ता आणि तिकीट यांपलीकडे त्याची आठवण आपण ठेवायला हवी ती दोनदा नाकारला जाऊनही पुन्हा दार ठोठावणारा मुलगा म्हणून. एका नापासाच्या शेऱ्याने किंवा एका नकाराने खचणाऱ्या आपल्या पिढीला त्याच्याकडून घेण्यासारखे पुष्कळ आहे. युद्ध कोणाचे होते हे इतिहास ठरवील. जिद्द मात्र त्याची स्वतःची होती.