जपानला निघालेल्या आपल्या मुलांना फुजी गुरुजी माहीत असावेत म्हणून

पारनेर तालुक्यात सुप्याच्या एमआयडीसीत जपानी कंपन्यांसाठी वेगळा भाग राखला आहे. तेव्हापासून आमच्या अभ्यासिकेत येणारी मुले जेएलपीटी म्हणजे काय, पुण्यात जपानीचे क्लास कुठे लागतात, हे विचारू लागली आहेत. काहींना सुप्यात नोकरी हवी आहे, काहींना थेट जपान गाठायचे आहे. मध्ये एका मुलाने वेगळेच विचारले. जपानी लोकही बौद्ध आणि आपणही बौद्ध, मग ते आपल्याला ओळखतात का? आम्ही वस्तीत काम करणारे लोक, जपानला कधी गेलेलो नाही. पण तिकडून इकडे आलेल्या एका माणसाची गोष्ट आम्हाला ठाऊक होती, ती त्याला सांगितली. तीच इथे लिहीत आहोत.

निचिदात्सु फुजी यांचा जन्म ६ ऑगस्ट १८८५ रोजी जपानच्या कुमामोतो प्रांतात, आसो भागातल्या एका शेतकरी घरात झाला. शिक्षण शेतकी शाळेत झाले. पुढे शेती न करता १९०३ मध्ये ते भिक्खू झाले. तेराव्या शतकातील निचिरेन या आचार्यांच्या परंपरेत त्यांनी दीक्षा घेतली. सद्धर्मपुंडरीक सूत्र हा या परंपरेचा मुख्य ग्रंथ. त्या सूत्राला वंदन करणारा छोटासा मंत्र म्हणत ढोल वाजवायचा आणि चालत राहायचे, ही फुजींची साधना. १९१७ मध्ये टोकियोत सम्राटाच्या राजवाड्यासमोर ढोल वाजवून त्यांनी ती सुरू केली. त्यांच्या निप्पोन्झान म्योहोजी संघाचे पहिले मंदिर मात्र जपानमध्ये झाले नाही. ते १९१८ मध्ये मांचुरियातल्या ल्याओयांग इथे उभे राहिले.

इथे थोडे थांबायला हवे. मांचुरिया म्हणजे चीनचा तो प्रदेश, जिथे त्या काळात जपानी सैन्य, जपानी रेल्वे आणि जपानी वसाहत हातात हात घालून पुढे सरकत होती. त्याच वाटेने फुजींची मंदिरेही वाढली. लष्कराशी त्यांची जवळीक किती होती, यावर पुढे अभ्यासकांनी अवघड प्रश्न विचारले आहेत. त्यांच्या गौरवासाठी लिहिलेल्या मजकुरात हा भाग बहुधा दोन ओळींत उरकलेला असतो. आम्हाला तो लपवावासा वाटत नाही, कारण त्यांचे नंतरचे आयुष्य त्याशिवाय नीट कळत नाही.

निचिरेन यांनी एक भाकीत केले होते. भारतातून पूर्वेकडे जपानपर्यंत पोचलेला धम्म एक दिवस जपानमधून पुन्हा भारतात जाईल, असे ते होते. फुजींनी ते आपले काम मानले आणि जानेवारी १९३१ मध्ये ते कलकत्त्याला उतरले. इथली भाषा त्यांना येत नव्हती. हातात ढोल होता. आपल्याकडच्या डफासारखा गोल, पण लहान, एका कड्यावर कातडे ताणलेला, खाली धरायला दांडी आणि वाजवायला काठी.

ऑक्टोबर १९३३ मध्ये ते वर्ध्याला गांधीजींना भेटले आणि तिथे राहिले. भारतात लोक त्यांना गुरुजी म्हणू लागले ते याच काळात. आपल्या समाजात त्यांचे नाव फारसे का घेतले जात नाही, याचे उत्तरही इथेच आहे. पुणे करार होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते. त्यानंतर दोन वर्षांनी, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, आपल्या कोपरगावच्या शेजारी येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नसल्याची घोषणा केली. जपानी भिक्खू धम्म परत आणण्यासाठी वर्ध्यात ढोल वाजवत होता आणि धम्म खरोखर परत येण्याची तयारी येवल्यात सुरू झाली होती. निचिरेन यांचे भाकीत कुणी खरे केले असेल तर ते १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात जमलेल्या आपल्या आजी-आजोबांनी, असे आमचे स्पष्ट मत आहे. तरीही गांधीजींकडे राहिला म्हणून हा माणूस आपला नाही, हे आम्हाला पटत नाही.

गुरुजींचा एक शिष्य सेवाग्राम आश्रमात राहत होता. गांधीजी त्याला केशव म्हणत. रोज पहाटे आणि संध्याकाळी तो ढोल वाजवून प्रार्थना करी, बाकीचा वेळ आश्रमाची कामे करी. डिसेंबर १९४१ मध्ये जपान युद्धात उतरला आणि पोलीस त्याला घेऊन गेले, कारण आता तो शत्रूराष्ट्राचा नागरिक होता. आश्रमाने त्याची प्रार्थना बंद केली नाही. जुलै १९४२ मध्ये गांधीजींनी जपानी जनतेला उद्देशून जाहीर पत्र लिहिले, जपानने चीनवर केलेल्या आक्रमणाचा निषेध केला आणि त्याच पत्रात या भिक्खूची आठवणही काढली. पुढच्याच महिन्यात काँग्रेसच्या नेत्यांना आमच्या नगरच्या भुईकोट किल्ल्यात आणून डांबले. त्यांत आचार्य नरेंद्र देव होते आणि त्यांनी त्या कैदेत वसुबंधूंच्या अभिधर्मकोशाचा हिंदी अनुवाद केला. किल्ल्यात नेहरूंची खोली बघायला जाणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही, म्हणून जाता जाता सांगितले.

गुरुजी तोवर जपानला परतले होते. ६ ऑगस्ट १९४५ रोजी त्यांना साठ वर्षे पूर्ण झाली, त्याच सकाळी हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला. साठाव्या वर्षी माणसे कामातून निवृत्त होतात. गुरुजींचे ज्यासाठी नाव घेतले जाते, ते काम त्यानंतर सुरू झाले. शस्त्र कुणाच्याही हातात असो, त्याला विरोध, ही त्यांची भूमिका पक्की झाली. १९५४ मध्ये त्यांच्या कुमामोतोत हानाओका टेकडीवर पहिला शांतिस्तूप उभा राहिला. टोकियोजवळ सुनागावा इथे अमेरिकी विमानतळाच्या विस्तारासाठी शेतजमिनी घेतल्या जात होत्या, तेव्हा त्यांचे भिक्खू शेतकऱ्यांबरोबर पोलिसांसमोर ढोल घेऊन बसले. मांचुरियात सैन्यामागून गेलेला ढोल आता लाठीच्या समोर होता. त्यांनी आपली चूक कुठल्या शब्दांत मान्य केली, यापेक्षा आम्हाला हे जास्त मोलाचे वाटते.

मुंबईत वरळीचे जपानी मंदिर १९५६ मधले. राजगीरच्या टेकडीवरचा विश्वशांती स्तूप १९६९ मध्ये पूर्ण झाला. १९८२ मध्ये अण्वस्त्रांविरुद्ध न्यूयॉर्कपर्यंत पदयात्रा निघाली, तेव्हा गुरुजी शंभरीच्या जवळ पोचले होते. ९ जानेवारी १९८५ रोजी जपानमधल्या अतामी इथे त्यांचे निधन झाले. लंडनच्या बॅटरसी पार्कमधला स्तूप त्यांच्या मृत्यूनंतर चार महिन्यांनी खुला झाला. तो भिक्खू, भिक्खुणी आणि स्वयंसेवकांनी मिळून बांधला होता. लेहचा स्तूपही जपानी आणि लडाखी लोकांच्या श्रमदानातून १९९१ मध्ये पूर्ण झाला. वर्ध्याचा १९९३ मधला. गुरुजींच्या संघाची बांधकामाची पद्धतच अशी की येईल त्याने दगड उचलायचा, जात-देश विचारायचा नाही.

ढोलाबद्दल आमच्या विहारात एकदा बोलणे निघाले, तेव्हा एक आजोबा नाराज झाले. गावकीची कामे सोडताना त्यांच्या वडिलांनी वाजंत्रीही खाली ठेवली होती, आणि आता आम्ही पोरांना पुन्हा वाजवायला शिकवणार की काय, अशी त्यांना शंका आली. त्यांचे म्हणणे आम्हाला समजते. दुसऱ्याच्या हुकमाने वाजवणे आणि स्वतःच्या मनाने वाजवणे यांत फरक आहे, असे आम्ही म्हणालो. ते काही बोलले नाहीत. ढोल आम्ही अजून आणलेला नाही.

येत्या ६ ऑगस्टला मात्र विहाराच्या आवारात आणि मागच्या नाल्याकाठी सकाळी सात ते दहा श्रमदान आहे. त्यानंतर जपानी शिकणारी मुले लहानांना जपानी अंक आणि नमस्कार शिकवतील. ज्यांच्या घरातले कुणी जपानमध्ये किंवा सुप्यातल्या जपानी कंपनीत कामाला आहे, त्यांनी त्या व्यक्तीला फोनवर का होईना, मुलांशी बोलायला लावावे. खराटे आपापले आणावेत, घमेली विहारात आहेत.