गवताच्या ढिगावर मांडलेले आभाळ

पहिले महायुद्ध ऐन भरात होते. फ्रान्सच्या शांपेन भागात आघाडीवरच्या जखमी सैनिकांना मागे आणणारी एक रुग्णवाहिका तुकडी काम करीत होती. त्या तुकडीतला पस्तिशीचा एक इंग्रज चालक, पाळी संपली की, मुक्कामाच्या थंडगार खोलीत गवताच्या ढिगावर बसून आकडेमोड करीत राहायचा. हा हिशेब होता युरोपच्या आभाळाचा, आणि तोही काही वर्षांपूर्वी उलटून गेलेल्या एका दिवसाचा! या विक्षिप्त वाटणाऱ्या चालकाचे नाव लुईस फ्राय रिचर्डसन. आज टीव्हीवर किंवा मोबाइलवर उद्याच्या पावसाचा जो अंदाज आपण पाहतो, त्याचे मूळ त्या गवताच्या ढिगापाशी आहे. गंमत अशी की, त्या हिशेबाचे उत्तर साफ चुकले होते.

रिचर्डसनचा जन्म 11 ऑक्टोबर 1881 रोजी इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे झाला. सात भावंडांत तो धाकटा. वडिलांचा कातडी कमावण्याचा व्यवसाय होता. घराणे क्वेकर पंथाचे. शस्त्र हाती घेणे हे या ख्रिस्ती पंथाच्या लोकांना पाप वाटते. ही शिकवण लुईसच्या अंगी इतकी भिनली की, पुढे आयुष्यातल्या प्रत्येक वळणावर तिनेच त्याची वाट ठरवली.

केंब्रिजचे शिक्षण संपल्यावर त्याने बऱ्याच नोकऱ्या केल्या. 1912 मध्ये टायटॅनिक बुडाली, तेव्हा आवाजाच्या प्रतिध्वनीवरून समुद्रातला हिमनग ओळखण्याची युक्ती त्याला सुचली आणि त्याने पेटंटसाठी अर्जही केला. 1913 मध्ये तो ब्रिटिश हवामान खात्यात रुजू झाला. नेमणूक झाली स्कॉटलंडमधील एस्कडेलम्यूर या आडबाजूच्या वेधशाळेवर. वस्ती विरळ, पाऊस भरपूर आणि विचार करायला सवड!

त्या काळी हवामानाचा अंदाज म्हणजे जुन्या नकाशांशी नव्या नकाशाची तुलना. पूर्वी असाच नकाशा होता तेव्हा काय झाले, यावरून उद्या काय होईल ते ठरवायचे. रिचर्डसनला हे पटेना. वारा, उष्णता, दाब, बाष्प ही सारी भौतिकशास्त्राच्या नियमांनी चालतात, मग त्यांचे गणित का मांडता येऊ नये? नॉर्वेचे शास्त्रज्ञ व्हिल्हेल्म ब्यर्कनेस यांनी हा विचार आधी मांडला होता, पण ती समीकरणे सोडवायची कशी हे कोणाला जमले नव्हते. रिचर्डसनने साधी वाट काढली. बुद्धिबळाच्या पटासारखे प्रदेशाचे चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोनावरच्या हवेचे थर करायचे आणि बेरीज-वजाबाकी, गुणाकार-भागाकार करीत काही तासांनंतरची स्थिती काढायची. ढग, पाऊस आणि बर्फ यांनाही त्याने या गणितात जागा दिली.

एवढ्यात युद्ध पेटले. लढायचे नाही हे ठरलेले होते, पण माणसे मरत असताना घरी बसणेही त्याला जमेना. 1916 मध्ये नोकरी सोडून तो क्वेकरांच्या रुग्णवाहिका पथकात गेला. सोबत हस्तलिखित होते. पद्धत तपासण्यासाठी त्याने 20 मे 1910 हा दिवस निवडला, कारण त्या सुमारास युरोपात ठिकठिकाणी फुगे सोडून वरच्या हवेची मोजमापे घेतली होती. 1917 च्या एप्रिलमधील लढाईत हस्तलिखित पिछाडीला पाठवले गेले आणि हरवले. काही महिन्यांनी ते बेल्जियममध्ये कोळशाच्या ढिगाखाली सापडले!

आणि उत्तर काय आले? जर्मनीतल्या एका जागी सहा तासांत हवेचा दाब 145 मिलिबारने वाढेल. समुद्रसपाटीवर हवेचा दाब सुमारे 1013 मिलिबार असतो, हे लक्षात घेतले म्हणजे हा आकडा किती अशक्य आहे ते कळते. प्रत्यक्षात त्या दिवशी दाब जवळजवळ स्थिर होता. दुसरा कोणी असता तर त्याने ते पान फाडून टाकले असते. रिचर्डसनने 1922 मध्ये केंब्रिजहून ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्यात हा चुकलेला हिशेब पायरीपायरीने छापला. आपल्या मते चूक कोठे असावी तेही लिहिले. पद्धतीत नव्हे, तर सुरुवातीला घेतलेल्या वाऱ्यांच्या आकड्यांत.

याच ग्रंथात त्याने एक स्वप्न रंगवले. नाट्यगृहासारखे एक प्रचंड गोल दालन, भिंतींवर पृथ्वीचा नकाशा आणि आपापल्या भागाचे गणित करणारी 64,000 माणसे. मधोमध उंच मनोऱ्यावर एक प्रमुख. जो भाग पुढे धावेल त्यावर तो गुलाबी प्रकाश टाकणार, जो मागे पडेल त्यावर निळा. संगणक नसलेल्या काळातला हा माणसांचा संगणक होता!

युद्धानंतर तो हवामान खात्यात परतला होता. पण 1920 मध्ये हे खाते हवाई दलाच्या मंत्रालयाकडे गेले आणि रिचर्डसनने राजीनामा दिला. पुढे त्याच्या वाऱ्यांवरील संशोधनात सर्वांत जास्त रस विषारी वायूंच्या तज्ज्ञांना आहे, हे त्याच्या ध्यानात आले. तेव्हा त्याने ते काम थांबवले आणि अप्रकाशित टिपणे नष्ट केली, अशी आठवण त्याची पत्नी डोरोथी हिने नोंदवली आहे. जो विषय जिवापाड जपला, तो सोडताना त्याला काय वाटले असेल!

मग पन्नाशीकडे झुकताना त्याने मानसशास्त्राची पदवी घेतली आणि युद्धे का होतात याचे गणित मांडायला घेतले. पेझली येथील तंत्रविद्यालयाचे प्राचार्यपद 1940 मध्ये सोडून उरलेले आयुष्य त्याने याच कामाला दिले.

1950 मध्ये अमेरिकेत एनिअ‍ॅक या संगणकावर हवामानाचा पहिला यशस्वी गणिती अंदाज निघाला. चोवीस तासांच्या अंदाजाला जवळजवळ चोवीस तासच लागले. ही बातमी म्हाताऱ्या रिचर्डसनपर्यंत पोचली आणि त्याने मनापासून अभिनंदन कळवले. 30 सप्टेंबर 1953 रोजी तो निवर्तला. पुढे आयर्लंडचे पीटर लिंच यांनी संगणकावर तोच हिशेब पुन्हा केला. सुरुवातीच्या आकड्यांतला असमतोल काढून टाकताच उत्तर एका मिलिबारच्याही आत आले. गवताच्या ढिगावरची पद्धत बरोबर होती!

सुरुवातीची चूक केवढा घात करते, हे 1960 च्या दशकात एडवर्ड लॉरेन्झ यांनी दाखवले. आकड्यात चौथ्या दशांश स्थळी फरक पडला तरी काही दिवसांनंतरचे हवामान पार वेगळे निघते. आणि आभाळाची अचूक मोजणी तर कधीच होत नाही. मग उपाय काय? एकच अंदाज काढण्याऐवजी सुरुवातीच्या आकड्यांत बारीक बारीक फरक करून अनेक अंदाज काढायचे. या समूह-अंदाजांना एन्सेम्बल म्हणतात. 1992 च्या डिसेंबरपासून युरोप व अमेरिकेत ते नियमित निघू लागले.

थंड देशांत त्यांचे मोल फार. वरून हिमकण निघाले आणि वाटेत उबदार थर लागला तर त्यांचे पाणी होते. जमिनीलगतची हवा शून्याखाली असेल तर तेच थेंब तारांवर, झाडांवर, रस्त्यांवर पडताक्षणी गोठतात. एकदोन अंशांच्या फरकाने पाऊस, बर्फ की हा गोठणारा पाऊस ते ठरते. 1998 च्या जानेवारीत कॅनडाच्या क्युबेक भागात अशाच पावसाने विजेचे मनोरे वाकले आणि लाखो घरे ऐन थंडीत अंधारात राहिली. समजा, पन्नास अंदाजांपैकी तिसांत पाऊस, पंधरांत बर्फ आणि पाचांत गोठणारा पाऊस दिसला. एकच अंदाज असता तर बहुधा पाऊस म्हणून सगळे निश्चिंत राहिले असते. ते पाच अंदाज वीज कंपनीला जागे ठेवतात.

आपल्याकडे प्रश्न बर्फाचा नाही, मुसळधार पावसाचा आहे. 2018 च्या जूनमध्ये भारतीय हवामान खात्याने 12 किलोमीटरच्या चौकोनांवर 21 अंदाजांचा असा समूह वापरायला घेतला. या कामात पुण्याच्या पाषाण भागातील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचा मोठा वाटा होता.

हवामान खाते नुसती शक्यता सांगते म्हणून आपण हसतो, पाऊस नक्की पडणार की नाही ते सांगा म्हणतो. पण साठ टक्के शक्यता म्हणजे पन्नास आभाळांपैकी तिसांत पाऊस पडला, असा चोख हिशेब त्यामागे असतो. आपल्याला किती ठाऊक नाही हेही त्यात मोजून सांगितलेले असते. स्वतःची 145 मिलिबारची चूक जगापुढे ठेवणाऱ्या त्या रुग्णवाहिका चालकाला हे नक्कीच आवडले असते. उद्या सकाळी छत्री घ्यावी की नाही, या विचारात दारात थांबाल, तेव्हा त्याची आठवण ठेवा.